सड्याची पाहणी श्रावणात करा

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, पुणे
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग
आणि सड्याच्या कागदांवर सह्या करणारे सगळे तलाठी, मंडळ अधिकारी, मोजणीदार, सरपंच आणि पंच

विषय: कोकणातल्या सड्यांची पाहणी पावसाळ्यात व्हावी आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद ‘सडा’ अशीच व्हावी, याबाबत.

सप्रेम नमस्कार,

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली. आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार आहे. त्याच्या एका तुकड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायची खाण काढायची होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास आम्ही सहा-सात जण वर गेलो. कातळ इतका तापला होता की चपलेतून चटका लागत होता. गवत शिमग्याच्या आधीच वणव्यात जळून गेलेलं. नजर जाईल तिथवर काळा दगड, मधेच एखादी करवंदीची जाळी, आणि लांब कुठेतरी एक टिटवी ओरडत होती. अर्ध्या तासात काम उरकलं. कागदावर लिहिलं गेलं की सदर क्षेत्र खडकाळ व पडीक असून त्यावर पीक, झाडझाडोरा, विहीर अथवा बांधकाम नाही. मला वाचून दाखवलं. मी सही केली.

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मे महिन्यात तिथं खरोखरच काही दिसत नव्हतं. तरीही ती सही मला आजतागायत खुपते आहे, आणि म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपल्यापैकी बरेच जण बदलीवर देशावरून, विदर्भातून, मराठवाड्यातून इकडे येता. सडा हा शब्द कानावर पडायच्या आधी ‘पोटखराबा’, म्हणजे पीक न निघणारी जमीन, हा शब्द तुमच्या कागदावर आलेला असतो. म्हणून आधी सडा म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गावात खाडीकडून वर चढायला लागलात तर पहिल्यांदा भातशेती लागते, मग माडा-पोफळीतली घरं, मग नाचणी-वरीचा वरकस उतार, आणि सगळ्याच्या माथ्यावर एकदम सपाट, उघडा, मैल-मैल पसरलेला कातळ. तो सडा. दक्षिण रत्नागिरीपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या मधेमधे असे सडे एकापाठोपाठ एक पसरलेले आहेत. खालून पाहिलं तर डोंगराचा माथा कुणीतरी करवतीनं कापल्यासारखा दिसतो.

तो दगड जांभा. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर लाखो वर्षं उष्ण हवेत पाऊस आणि ऊन आळीपाळीनं पडत राहिलं. पाण्यानं दगडातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्या लोहाचा गंज चढून चढून हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ब्रिटिश वैद्यानं केरळात अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड विटेसारखा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं. साऱ्या जगानं ते उचललं. त्याच्या कितीतरी आधीपासून आमची घरं, गडगे, विहिरी, देवळं जांभ्यानंच उभी राहत होती. विजयदुर्गाचा तटही जांभ्याचा आहे. खाणीतून नुकता काढलेला चिरा गुळाच्या ढेपेसारखा असतो, नख लावलं तर तांबडी भुकटी निघते. तोच चिरा उन्हावाऱ्यात राहिला की असा कडक होतो की चार पिढ्या भिंत हलत नाही. मी स्वतः जांभ्याच्याच घरात जन्मलो. त्यामुळे चिरा काढूच नये, असं म्हणायला मी बसलेलो नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच, की आपण सड्यावर चुकीच्या महिन्यात येता.

मोजणी, पंचनामा, स्थळपाहणी ही सगळी कामं डिसेंबर ते मे या काळात होतात. कारण उघड आहे. रस्ता चालू असतो, कागद भिजत नाहीत, साखळी-यंत्र नीट लावता येतं. पण सड्याचं सगळं आयुष्य असतं ते जून ते ऑक्टोबर. बाकीचे सात महिने तो निजलेला असतो. निजलेल्या माणसाला बघून त्याला बोलता येत नाही असा दाखला द्यावा, तसं आपण त्याच्याबाबतीत करत आलो आहोत, आणि मीही केलं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवडाभरात काळ्या कातळाच्या भेगांतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. तिचा कांदा वर्षभर त्या भेगेतल्या मूठभर मातीत दडलेला असतो. या फुलाच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. पंचनाम्याच्या दिवशी मी ज्या भेगेवर पाय ठेवून सही केली, तिच्यातसुद्धा तो कांदा असणार, फक्त त्या दिवशी तो वर यायला महिनाभर बाकी होता. मग बेडूक सुरू होतात. दिवसा एकही दिसत नाही, पण रात्री सड्यावर उभं राहिलं तर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही एवढा गलका. सुटा दगड उलटा केला तर कधीकधी खाली देवगांडूळ सापडतं. लोक त्याला गांडूळ समजतात, साप समजून मारतातही. ते खरं बेडकांच्या जातकुळीतलं, बिनपायाचं उभयचर आहे. (दगड उलटताना हात सांभाळा, फुरशीही तिथंच असतात. आमच्याकडच्या पोराला बाराखडीच्या आधी हे शिकवतात.)

आषाढात खोलगट जागी पाणी साचून तळी होतात, वीतभर खोल, काही पोहण्याएवढी. आणि श्रावणात, मा. महोदय, श्रावणात तुम्ही यायला हवं. पाणथळ कातळावर सीतेची आसवं उमलतात, निळी-जांभळी, एवढीशी, पण लाखांनी. लांबून वाटतं आभाळाचा तुकडा खाली पडलाय. त्यांच्यामधे गेंदाची पांढरी बोंडं. वाकून बघितलंत तर दवबिंदूचं झाड दिसेल, बोटाएवढं. त्याच्या तांबूस पानांवर केसासारखे तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला एक चमकता थेंब. तो दवाचा थेंब नव्हे, डिंकासारखा चिकट रस असतो. मी एकदा छत्री डोक्यावर धरून पाऊण तास त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो. एक चिलट येऊन चिकटलं. दोन-तीनदा फडफडलं. मग आजूबाजूचे तंतू इतक्या सावकाश त्याच्यावर वाकले की वाकताना दिसले नाहीत, वाकलेले मात्र दिसले. सीतेची आसवंही शिकारीच आहेत. त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्या आत ओढून घेतात. कातळावरच्या दोन बोटं मातीत नत्र जवळजवळ नसतं, तेव्हा या झाडांनी ते असं मिळवायचं शिकून घेतलं. जिथं काही उगवत नाही असं आपण लिहितो, तिथं उगवण्यासाठी त्यांनी केवढी खटपट केली आहे ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

भादव्यात कवल्याच्या पिवळ्या फुलांची चादर येते. आमच्या बायका गौर आणायला वरच्या अंगाला जातात. आमची गौर तेरड्याची. सड्याच्या कडेच्या ओल्या उतारावर तेरडा असतो तोवर गौर आहे. दसऱ्याला गवत कमरेएवढं होतं, ते कापून भारे बांधले की गुरांची वर्षाची बेगमी. पूर्वी घरंसुद्धा त्याच गवतानं शाकारायची.

साताऱ्याजवळचं कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. तेही जांभ्याचंच पठार. आमच्या गावातल्या शिक्षकांनी मुलांची सहल तिथं नेली होती. मुलं प्रवेशाचे पैसे भरून, रांगेत उभी राहून सीतेची आसवं आणि गेंद बघून आली. परत येऊन त्यातली एक मुलगी मला म्हणाली, “आजोबा, ही तर आपल्या सड्यावर गुरं तुडवतात ती फुलं.” कासचं कौतुक मलाही आहे. पण दगड तोच, फुलंही बरीचशी तीच, एकाच्या कागदावर जागतिक वारसा आणि दुसऱ्याच्या कागदावर पोटखराबा.

आता पाण्याबद्दल, कारण वाडीला सड्याशी जास्तीत जास्त देणंघेणं आहे ते पाण्याचं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. बरंचसं पाणी सड्यावरून सरळ पऱ्याला आणि पऱ्यातून खाडीला जातं, हे खरं आहे. पण सगळं जात नाही. जांभा भोकाळ आहे, त्याला भेगा आहेत, तळी आहेत. त्यातून पाणी आत उतरतं आणि खाली शेडी लागेपर्यंत उतरत राहतं. शेडी म्हणजे जांभ्याखालची पांढरट-पिवळट, चिकणी माती. ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकतं आणि जिथं डोंगराच्या कुशीत जांभा संपून शेडी उघडी पडते, तिथं झऱ्यानं बाहेर येतं. कोकणातल्या जुन्या वाड्या बघा, उतारावर अशाच पातळीवर बसलेल्या सापडतील. आमच्या पूर्वजांनी भूशास्त्र वाचलं नव्हतं, पण झरा बघून घर बांधलं होतं.

आमच्या वाडीत त्या झऱ्याचं पाणी पाटानं आणि पुढे पोफळीच्या पन्हळीनं परसात यायचं. माझ्या लहानपणी रात्री झोपताना पन्हळीची धार ऐकू यायची. दगडी डोणीत पडायची, त्यामुळे तिचा आवाज घुमायचा. शिमग्यापर्यंत धार असायची, मग करंगळीएवढी व्हायची, मग ठिबकायची. आई त्या धारेवरून महिना सांगायची. चिरेखाण सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी धार मार्गशीर्षातच ठिबकायला लागली. आता दिवाळीनंतर पन्हळ कोरडी असते. पाऊस कमी-जास्त होतो, वर बोअर पडलेत, पाट दुरुस्त करायला वाडीत तरुण माणूस उरलेला नाही, हे सगळं मला माहीत आहे. खाणीमुळेच झरा आटला हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण खाणीनं जो तुकडा नेला, त्यात दोन तळी होती. पंचनाम्याच्या दिवशी ती कोरडी होती, काळ्या कातळातले उथळ खळगे, त्यात गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ‘विहीर नाही’ हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा माझ्या मनात तळी आली होती. तळी म्हणजे काही विहीर नव्हे, असं म्हणून मी गप्प बसलो.

आज त्या जागी साठ-सत्तर फूट लांबीचा चौकोनी खड्डा आहे. त्यात हिरवं पाणी साठतं. त्या पाण्याला उतार नाही, काठ नाही, गुरं उतरू शकत नाहीत. गेल्या वर्षी एक पाडी पडली, दोर लावून काढावी लागली.

आणखी एक गोष्ट. त्या तुकड्यावरची माती आणि गवत झाडून खालचा कातळ कुणी पाहिला नव्हता. हे मी एवढ्यासाठी लिहितो की आमच्या सड्यांवर आदिमानवानं कोरलेली चित्रं आहेत आणि ती बहुतेक वेळा पातळ मातीखाली झाकलेली असतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी रत्नागिरी परिसरात गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून, खराट्यानं कातळ झाडून ती उजेडात आणली. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्या एका हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं आहेत. तिच्या काठावर उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. फिरत फिरत, लांबून, तिरक्या उन्हात बघावं लागतं, आणि मग एकदम सोंड दिसते. या चित्रांत गेंडाही आहे. आज कोकणात कुठं आहे गेंडा? ज्यानं तो कोरला त्यानं तो पाहिला असणार.

२०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कातळशिल्पांची आपली ९ ठिकाणं गेली. रत्नागिरीतली कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं एक. या नावांकडे जरा बघा. एकात ‘तळी’ आहे. एकात ‘गोठणे’ आहे, म्हणजे गुरं विसाव्याला बसायची जागा. कुडोपीच्या त्या सड्याला गावकरी बावल्यांचं टेंब, म्हणजे बाहुल्यांची टेकडी म्हणतात, चित्रांच्या शोधाच्या बातम्या यायच्या कितीतरी आधीपासून. गावानं त्या जागेची आठवण नावात जपून ठेवली. त्याच जागांना महसुली कागदाचं एकच नाव ठाऊक.

तो शब्द आला कुठून ते मी समजून घेतलं आहे, आणि त्यात कुणाचा दुष्टावा आहे असं मला वाटत नाही. जमिनीची नोंद सुरू झाली ती सारा वसूल करण्यासाठी. ज्या जमिनीत पीक निघत नाही तिच्यावर साऱ्याचा आकार बसवता येत नाही, म्हणून तेवढं क्षेत्र बाजूला काढून त्याला पोटखराब म्हटलं. खडकाळ म्हणून नापीक ते वर्ग ‘अ’, रस्ता-नाला-सार्वजनिक कामाखालचं ते वर्ग ‘ब’. शेतकऱ्याला त्यात सवलतच होती, त्या तुकड्याचा सारा भरावा लागत नव्हता. म्हणजे हा शब्द कर ठरवण्यापुरता होता. पुढे तो जमिनीचं वर्णन होऊन बसला. आज उपग्रहाच्या चित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचा अॅटलास निघतो, त्यातही ‘ओसाड खडकाळ’ असा वर्ग आहे, आणि आकाशातून उन्हाळ्यात सडा तसाच दिसणार.

त्याचे परिणाम जमिनीवर होतात. सडा सपाट आहे, उंच आहे, रिकामा दिसतो, म्हणून जागा शोधणाऱ्याचं बोट नकाशावर आधी तिथंच पडतं. चिपीचा विमानतळ सड्यावर झाला. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी माडबनचा सडा घेतला गेला. बारसूचं नाव २०२३ च्या एप्रिलमध्ये देशभर झालं ते रिफायनरीच्या माती परीक्षणावरून झालेल्या संघर्षामुळे. प्रकल्प हवेत की नकोत या वादात मी इथं पडत नाही, त्यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत. पण ज्या कागदावर तो वाद चालतो त्या कागदावर जागा आधीच ‘खराब’ लिहिलेली असते. मग सोडायचं काय आणि घ्यायचं काय, याचा हिशोब मांडणार कसा? आमचे सडे बहुतेक खासगी आणि सामाईक. एका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, निम्मे मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. दलाल येतो, सातबारा दाखवतो आणि म्हणतो, “पोटखराबाच आहे, त्याचं तुम्ही करणार काय?” चाकरमानी सही करतो. कागद त्याला दुसरं काही सांगतच नाही.

आणि आंब्याबद्दल बोललो नाही तर हे पत्र अर्धवट राहील. १९९० पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेत सरकारनं शंभर टक्के अनुदान दिलं. मी १९९४ साली सड्याच्या कडेला ४० कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे मारले, खालून बैलगाडीनं माती चढवली. २७ झाडं जगली. त्या २७ झाडांनी माझ्या मुलीचं शिक्षण केलं. हापूस कातळावरच गोड होतो असं देवगडपासून रत्नागिरीपर्यंत कुणीही सांगेल, आणि त्या योजनेनं कोकणातल्या पुष्कळ घरांत पैसा आणला. तेव्हा मी कुणाला दोष देणाऱ्यांतला नाही, सडा फोडणाऱ्यांतला एक आहे. पण त्या ४० खड्ड्यांच्या जागी काय होतं, हे खड्डे मारायच्या आधी मला कुणी दाखवलं असतं तर मी कलमं पन्नास पावलं अलीकडे, वरकसात लावली असती. जागा होती. मला वाटलं, चांगली जमीन कशाला अडवा, खराब आहे ती वापरू. सातबाऱ्यावर तसंच लिहिलं होतं ना.

म्हणून मागणं असं आहे. सड्यावर खाण, अकृषिक परवाना, संपादन, काहीही करायचं असेल, तर त्या जागेची एक पाहणी जुलै ते सप्टेंबरमध्ये झालीच पाहिजे, असा आदेश काढा. उन्हाळ्यातली मोजणी हवी तर राहू द्या, पण पावसाळ्यातल्या पाहणीशिवाय पंचनामा पुरा धरू नका. त्या पाहणीत तळी कुठं भरतात, पाणी कुठं मुरतं, खालच्या वाडीचा झरा कुठल्या अंगाला आहे, हे वाडीतल्या माणसांना विचारून नकाशावर उतरवा. विचारताना बायकांना विचारा. पाणी आणि गौर दोन्ही त्याच आणतात. आणि पाऊस सरल्यावर, गवत कापून झालं की, एकदा कातळ झाडून बघा. खराटे गावात मिळतात.

दुसरं म्हणजे नोंद. यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. गाव नमुना १२ मध्ये ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ असा रकाना आहे आणि त्यात ‘स्वरूप’ लिहायला जागा ठेवलेली आहे. तिथं ‘सडा’ लिहा. शेऱ्यात तळी, झरा, कातळशिल्प, देवस्थान, जे असेल ते लिहा. दोन अक्षरांचा शब्द आहे, रकान्यात मावतो. त्यामुळे कुणाची मालकी जात नाही, कुणाचा विकायचा हक्क जात नाही. पण विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि परवाना देणाऱ्याला एकाच कागदावर कळतं की इथं काहीतरी आहे.

आणि हे पावसात करायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच आमच्या हातात देऊन ठेवलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खरिपात प्रत्येक खातेदारानं आपल्या शेतात जाऊन, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून, पीक नोंदवायचं. म्हणजे ऐन श्रावण-भादव्यात, सड्याला बहर असतो नेमका तेव्हा, आम्ही सगळे आपापल्या जमिनीवर हातात फोन घेऊन उभे असतो. भाताची नोंद होते, नाचणीची होते, आंब्याची होते. सड्याचा गट उघडला की मला पर्याय मिळतो ‘कायम पड’. मागच्या भादव्यात मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो, चहूबाजूंनी कवला फुललेला, पायाशी बेडकाची पिल्लं, आणि तो पर्याय दाबला. दाबताना मला तो पंचनामा आठवला. पुन्हा एकदा माझ्याच हातानं तेच लिहिलं जात होतं, आणि या वेळी तर मे महिना असल्याची सबबही नव्हती.

त्या यादीत एक पर्याय वाढवा: सडा. तळ्याचा फोटो, झऱ्याचा फोटो जोडायची सोय द्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एका हंगामात गावोगावचे सडे त्यांच्या तळ्यांसकट नकाशावर येतील, आणि त्यासाठी वेगळा कर्मचारी नेमावा लागणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला आधी स्वतः बघायचं असेल तर नारळीपौर्णिमेनंतर कधीही या. सकाळी लवकर या, आठच्या आत, दवबिंदूवर ऊन तेव्हा तिरकं पडतं. पायात चप्पल नको, घोट्यावर येतील असे बूट घाला. गाडी देवळापाशी लावावी लागेल, तिथून पाणंदीनं वीस मिनिटं चढ आहे. गडग्याच्या खिंडीपाशी मी छत्री आणि काठी घेऊन थांबतो. आधी खाणीचा खड्डा दाखवीन, मग त्याच्या पलीकडचा, अजून न फोडलेला सडा. त्या तुकड्याचंही मागणीपत्र आलेलं आहे आणि पंच म्हणून माझंच नाव सुचवलं गेलं आहे. मी कळवलंय, सही करीन, पण पाहणी श्रावणात ठेवा.

आपला,
दक्षिण कोकणातला एक खातेदार